एआरटीची पहिली गोळी : सगळ्यांना एकच बाटली कशी चालते?

सुरंगी | ६ मे, रात्री १०.१२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र होते. धागा पहिल्यांदाच काढतेय आणि त्यासाठी आयडीही नवीन घेतलाय. कारण पुढे कळेलच.

माझा धाकटा दीर, वय ३४, मिरकरवाड्यातून सुटणाऱ्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे. अंगात सतत कणकण, वजन उतरलेलं, म्हणून गेल्या महिन्यात रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. घरात फक्त मला आणि नवऱ्याला माहीत आहे, तेही त्यानेच सांगितलं म्हणून. एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) नाव घातलं. समुपदेशक बाईंनी तासभर बसवून समजावलं, रक्त घेतलं आणि दहा दिवसांपूर्वी बाटली हातात दिली. दिवसाला एक गोळी, बाटलीत ३०. टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३००, डोलुटेग्राविर ५०.

रांगेत त्याच्या पुढच्याला हीच बाटली, मागच्यालाही हीच. रेशनसारखं. माझी शंका तिथेच आहे. साध्या ब्लडप्रेशरला डॉक्टर दोन-तीन गोळ्या बदलून बघतात, मग इथे बाई-पुरुष, बारीक-जाड सगळ्यांना एकच कशी? मुंबईतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं, तर म्हणाले, खासगीत आता बिक्टेग्राविरची नवीन गोळी देतात, ती लेटेस्ट. नवऱ्याचं म्हणणं, पैसे गेले तरी चालतील, पण चांगलं असेल तेच द्यायचं.

दीर एकदा बोटीवर गेला की दहा-बारा दिवस येत नाही. परवा परत निघायचं म्हणतोय. ही निवड कोण करतं, कशावरून करतं, आणि आम्ही बदलून मागावं का?

---

चाकरमानी४२ | ६ मे, रात्री १०.४०

ताई, आधी एक. त्याने घरात सांगितलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, इथेच निम्मं काम झालंय. बाकी जाणकार येतीलच. वाचतोय.

---

सोनटक्का | ७ मे, सकाळी ७.०५

रेशन म्हणालात म्हणून लिहितेय. मी २००६ पासून एआरटीवर आहे. सरकारने मोफत औषधं १ एप्रिल २००४ ला सुरू केली, तेव्हा देशात मोजकीच केंद्रं होती आणि आम्हा कोकणातल्यांना मुंबई गाठावी लागायची. रात्रीची एसटी, सकाळी रांग, संध्याकाळी परत. तेव्हा सीडी४ (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्याच मिळत नसत. माझा ११८ होता, म्हणून 'पास' झाले.

आमची पहिली गोळी स्टाव्हुडिन, लॅमिवुडिन, नेविरापीन. जीव वाचला, खोटं कशाला बोलू. पण दोन-तीन वर्षांत गाल आत गेले, हातापायावरची चरबी उतरली, शिरा दोरीसारख्या वर आल्या. बांगड्या कोपराला जायच्या. लोक म्हणायचे, काय गो, डाएट करतेस? रात्री पाय चटईला टेकवला की निखाऱ्यावर ठेवल्यासारखं व्हायचं. मग स्टाव्हुडिन काढून झिडोवुडिन दिलं, तर हिमोग्लोबिन ७ वर आलं आणि दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. मग टेनोफोविर. त्याच्या जोडीला इफाविरेन्झ, रात्री झोपताना घ्यायची. ती घेतल्यावर काय स्वप्नं पडायची! समुद्र अंगणात यायचा, तुळशीपर्यंत. महिनाभर सकाळी उठले की भिंत धरून चालायचे.

२०२१ साली ही डोलुटेग्राविरवाली आली. पहिल्या आठवड्यात थोडी झोप उडाली, तर डॉक्टर म्हणाले, सकाळी घ्या. घेतली, संपलं. वजन तेवढं सहा किलो वाढलं. गालही भरले, पण स्टाव्हुडिनने खाल्लेले पूर्ण नाही.

तुमच्या दिराला पहिल्याच दिवशी जी बाटली मिळाली, तिच्यापर्यंत पोचायला मला पंधरा वर्षं लागली.

---

ओपीडीबाहेर | ७ मे, दुपारी २.३०

मी फिजिशियन आहे. काही वर्षं एआरटी केंद्रात काम केलंय. इथे लिहितोय ती माहिती समजा, तपासणी नाही. ती केंद्रातच व्हायला हवी.

सोनटक्का यांनी जे लिहिलंय ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं आहे. 'एकच बाटली' आजची आहे, आणि तिच्यामागे एकेक औषध बाद करत आलेली वीस वर्षं आहेत. स्टाव्हुडिन नसा आणि चरबी खातं म्हणून गेलं. झिडोवुडिन रक्त कमी करतं म्हणून मागे पडलं. नेविरापीनने अंगावर पुरळ आणि लिव्हरचा त्रास. इफाविरेन्झची तक्रार चक्करेपुरती नव्हती. तिच्यासमोर विषाणूने एका जागी बदल केला की ती निकामी, आणि सोबत नेविरापीनही निकामी. डोलुटेग्राविरला हरवायला विषाणूला फार खटपट करावी लागते. चार गोळ्या चुकल्या तरी चालतील असं म्हणत नाही मी, पण चुकणाऱ्या माणसाला हे औषध जास्त सांभाळून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हीच जोडणी सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीची ठरवली आणि त्यानंतर आपल्याकडे नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) ती आणली.

आता निवड कुठे असते ते सांगतो. बाटली देण्याआधी जे प्रश्न विचारतात आणि जे रक्त घेतात, त्यात.

मूत्रपिंड. टेनोफोविर मूत्रपिंडावर बोजा टाकतं. क्रिएटिनिनचा (रक्तातला एक कचरा, मूत्रपिंड तो गाळतं) आकडा नुसता बघून चालत नाही, वय आणि वजन घालून हिशोब करावा लागतो. त्यातून येणारा क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ५० च्या खाली असेल तर सहसा टेनोफोविर टाळून अबॅकाविर देतात. अबॅकाविरची वेगळी भानगड आहे. काही जणांना त्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी येते. ताप, पुरळ, उलट्या, धाप. एकदा ती आली की ते औषध जन्मात परत द्यायचं नाही.

कावीळ ब. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन दोन्ही त्या विषाणूवरही चालतात. म्हणून कावीळ ब असलेल्याने ही गोळी मनाने बंद केली तर लिव्हर भडकतं. खासगीत हल्ली डोलुटेग्राविर आणि लॅमिवुडिन अशी दोनच औषधांची गोळीही देतात, पण कावीळ ब असेल तर ती नाही.

आणि टीबी. सगळ्यात महत्त्वाचं. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारतात. तुम्ही लिहिलंय कणकण आणि वजन. खोकल्याचं काय?

रिपोर्टवरचे आकडे टाका. वजन, क्रिएटिनिन, सीडी४, कावीळ ब. नाव-नंबर झाकून.

---

बांगडा_फ्राय | ७ मे, दुपारी ३.१०

डॉक्टर, कुठेतरी वाचलं की कॅल्शियमने ही गोळी लागू पडत नाही. मग आम्ही मासे खाणाऱ्यांनी काय करायचं? मोतकं तर काट्यासकट खातो.

---

ओपीडीबाहेर | ७ मे, दुपारी ३.४५

खा बिनधास्त. प्रश्न ताटातल्या कॅल्शियमचा नाही, गोळीतल्याचा आहे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी डोलुटेग्राविरबरोबर घेतली की दोघं पोटात एकमेकांना चिकटतात आणि औषध रक्तात जात नाही. जेवणाबरोबर दोन्ही एकदम घेतल्या तर चालतं. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांनी काही बिघडत नाही.

---

पोफळी | ७ मे, सायं. ६.२०

मी उपकेंद्रात काम करते. गरोदर बायांना लोह-कॅल्शियम आम्हीच देतो, त्यामुळे वरचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. एक शंका. मध्ये ही गोळी बायांना नको असं ऐकलं होतं ना? बाळाच्या मणक्याचं काहीतरी?

---

ओपीडीबाहेर | ७ मे, सायं. ७.००

बरोबर ऐकलंत, पण ते जुनं झालं. २०१८ मध्ये बोट्सवानातल्या एका पाहणीत, गर्भ राहताना डोलुटेग्राविर चालू असलेल्या ४२६ बायांमध्ये ४ बाळांना मज्जारज्जूचा दोष दिसला, आणि सगळीकडे घबराट झाली. पुढे आणखी बाळंतपणं मोजली तसं ते प्रमाण खाली येत इतरांसारखंच झालं. २०१९ ची शिफारस बायांसकट सगळ्यांसाठी आहे.

---

तांडेल | ७ मे, रात्री ९.१५

माझो भाव ट्रॉलरवर होतो, तेचा सांगतंय. तेका आदी ती रातची गोळी होती. गोळी खाय आणि तासाभरात तेका भोवळ येय. बोट हलता, ह्यो पण हलता! एकदा जाळा वडताना पाय निसाटलो, बाजूच्यान धरलो म्हणून वाचलो. मगे तो काय करी, बोटीवर गोळी खायच नाय, बंदरात इलो की खाय. थंयसर सगळा बिघाडला.

ह्या नव्या गोळयेचा तसा नाय. सकाळी मासळी निवडून झाली की चाय, आणि चायवांगडा गोळी. बाटलेत कापूस घालून ठेयता, नायतर खुळखुळता आणि सगळे इचारतत 'काय रे ता'. बाटलेतली ती बारीक पुडी फेकू नको म्हणान सांगा, खारो वारो लागलो की गोळये मऊ पडतत.

---

सोनटक्का | ७ मे, रात्री ९.३०

कापूस! +१. मी गणपतीत गावाला जाताना अजून तेच करते. घरात पंधरा माणसं आणि एकच फडताळ.

---

निसर्गमित्र_को | ७ मे, रात्री ११.०२

[प्रतिसाद काढून टाकला आहे. एचआयव्ही काढ्याने 'निगेटिव्ह' होतो असे दावे आणि फोन नंबर इथे चालणार नाहीत. — संपादक]

---

चाकरमानी४२ | ८ मे, सकाळी ८.३०

संपादकांचे आभार. थोडं अवांतर, पण 'स्वस्त म्हणजे हलकं' ह्या समजाबद्दल. ही औषधं मुळात स्वस्त नव्हतीच. तीन औषधांच्या वर्षभराच्या उपचाराला परदेशी कंपन्या दहा हजार डॉलरच्या पुढे घेत होत्या. २००१ मध्ये सिप्लाने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. त्यातली तीन औषधं म्हणजे सोनटक्कांची ती पहिली गोळीच. आज जगभरात गरीब देशांना जाणाऱ्या एआरटीतला फार मोठा वाटा भारतीय कारखान्यांतून जातो. तेव्हा किंमत उतरली म्हणून औषध हलकं झालं, असं नाही.

---

सुरंगी | ८ मे, दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोनदा वाचलं, एकदा नवऱ्याला वाचून दाखवलं.

आकडे : वजन ४८, क्रिएटिनिन १.२ (पुढे 'नॉर्मल' छापलंय), सीडी४ १६४, कावीळ ब नाही. एक मोठी पांढरी गोळीही रोज दिली आहे.

आणि डॉक्टर, तुमचा खोकल्याचा प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून मी त्याला विचारलं. खोकला तीन आठवड्यांपासून आहे. केंद्रात विचारलं तेव्हा हा 'नाही' म्हणाला. का, तर टीबी निघाला तर बोटीवर घेणार नाहीत, आणि सीझनचे तीनच आठवडे राहिलेत. मी भांडी घासत होते, हातातलं पातेलं तसंच राहिलं. इतकं सगळं ज्याने सांगितलं, त्याने खोकला लपवला.

---

ओपीडीबाहेर | ८ मे, दुपारी १.४०

बोटीवर जाऊ देऊ नका. उद्याच केंद्रात न्या आणि जे मला सांगितलंत तेच तिथे सांगा. कोणी रागावणार नाही, रोज चार जण असंच करतात. बेडका ट्रूनॅट किंवा सीबीनॅट ह्या टीबी शोधणाऱ्या यंत्रांवर तपासतील. चालू गोळी बंद करायची नाही.

पांढरी गोळी म्हणजे बहुतेक कोट्रायमॉक्साझोल. सीडी४ एवढा खाली असताना न्यूमोनियासारख्या संसर्गापासून वाचवायला देतात. ती चालू ठेवा.

आता त्या १.२ चं. ३४ वर्षं, ४८ किलो धरून मांडा. १४० वजा ३४ म्हणजे १०६. त्याला ४८ ने गुणा, मग ७२ गुणिले १.२ ने भागा. येतात सुमारे ५९. रिपोर्टवर नॉर्मल, पण ५० ची रेषा फार लांब नाही. टेनोफोविर चालेल, नजर ठेवावी लागेल. डोलुटेग्राविर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन किंचित वर दिसतं, ते मूत्रपिंड बिघडल्याचं लक्षण नसतं, त्याने घाबरू नका. मला काळजी दुसरीच आहे. जाळी ओढणारी माणसं कंबरेसाठी वेदनाशामक गोळ्या चण्यासारख्या खातात. टेनोफोविरबरोबर त्या मूत्रपिंडाला महागात पडतात. घेतो का, विचारा.

---

सुरंगी | १३ मे, रात्री ८.५०

ट्रूनॅट पॉझिटिव्ह. रिफॅम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) लागू पडतंय असं रिपोर्टमध्ये आहे. टीबीच्या गोळ्या आज सुरू झाल्या, सहा महिन्यांच्या. घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलंय. टीबीचं घरात उघड सांगितलं, ते सोपं गेलं.

शिवाय डोलुटेग्राविरची एक सुटी गोळी वेगळी दिली. रोज रात्री. बाटलीतली सकाळी, ही रात्री. ही कशाला? आणि मुंबईच्या त्या गोळीचं आता काय?

---

ओपीडीबाहेर | १३ मे, रात्री ९.२५

फार बरं झालं सापडला.

रिफॅम्पिसिन लिव्हरला कामाला लावतं आणि लिव्हर डोलुटेग्राविर भराभर बाहेर काढतं. मग एका गोळीने दिवस पुरत नाही, म्हणून बारा तासांनी दुसरी ५० ची. टीबीचा कोर्स संपला तरी ही जादा गोळी आणखी दोन आठवडे घ्यायची असते, कारण रिफॅम्पिसिनचा परिणाम लगेच ओसरत नाही. महिन्याची औषधं मोजून देतात, तेव्हा ते दोन आठवडे नेमके राहून जातात. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.

आणि बिक्टेग्राविर रिफॅम्पिसिनबरोबर देताच येत नाही. त्याची पातळी इतकी खाली जाते की जादा गोळीनेही भरून निघत नाही. पैसे मोजून ती आणली असती, तर खोकला लपवलेला असताना आणली असती. औषध चांगलंच आहे ते, फक्त ह्या माणसाला आत्ता चालणारं नाही.

येत्या महिन्यात एक होऊ शकतं. मानेत गाठ वाढणं, ताप पुन्हा चढणं. प्रतिकारशक्ती जागी झाली की टीबीवर तुटून पडते, त्यातून ते होतं. गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून लोक नेमक्या तेव्हाच सोडून देतात. तसं झालं तर केंद्रात दाखवा, सोडू नका.

---

गोयंकार_शेजारी | १४ मे, सकाळी १०.००

आमच्या बाजूला एचआयव्ही-२ पण असतो म्हणतात. त्याला हीच गोळी?

---

ओपीडीबाहेर | १४ मे, सकाळी १०.३०

हो. पश्चिम भारतात तो थोड्या प्रमाणात सापडतो. नेविरापीन, इफाविरेन्झ त्याच्यावर चालतच नाहीत, डोलुटेग्राविर चालतं. नव्या गोळीच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा, वर लिहायचा राहिला होता.

---

सुरंगी | ५ जून, सायं. ५.१५

सांगितलंत तसंच झालं. २८ मे ला मानेत लिंबाएवढी गाठ आणि ताप. तो म्हणाला, बस झालं, पेटवलंच ह्या गोळ्यांनी. तुमचा प्रतिसाद त्याच्यासमोर मोबाइलवर धरला. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो, त्यांनी तपासून काही दिवसांची औषधं दिली. ताप उतरला, गाठ बसतेय.

१ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे सगळ्याच बोटी बंदरात आहेत आणि हा घरी का, हे कोणी विचारत नाही. मालक मात्र विचारत होता की सीझनला येताना रक्ताचे रिपोर्ट आण.

---

चाकरमानी४२ | ५ जून, सायं. ६.००

एचआयव्हीचा रिपोर्ट कामासाठी मागता येत नाही. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. समुपदेशक बाईंना सांगा, किंवा १०९७ ह्या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

---

सुरंगी | २९ जुलै, रात्री ९.४०

वजन ५३. खोकला गेला, बेडका निगेटिव्ह. आज दिवसभर अंगणात जाळं विणत बसला होता आणि शिट्टी मारत होता. केंद्रातल्या डॉक्टरांनी बोटीवर जायला हरकत नाही म्हटलंय. एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती उरला ते मोजणं) सहा महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबरअखेर.

त्याचं वेळापत्रक असं ठरलंय. सकाळच्या चहाबरोबर बाटलीतली आणि टीबीची. रात्री जेवणाआधी सुटी गोळी. बोटीवर रात्रीचं जेवण कधी आठला, कधी अकराला. चालेल का?

---

तांडेल | २९ जुलै, रात्री ९.५५

जेवणार ठेवू नको म्हणान सांगा तेका. फोनाचो गजर लाव. रेंज नसली तरी गजर वाजता.

---

ओपीडीबाहेर | २९ जुलै, रात्री १०.१०

तांडेल बरोबर. गजर रात्री आठचा, जेवण कधीही होवो. तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, अख्खी गोळी राहू नये.

नवीन क्रिएटिनिन किती आलं? आणि वेदनाशामकाचं मी मे महिन्यात विचारलं होतं.

---

सुरंगी | २९ जुलै, रात्री १०.३२

१.३.

विचारलं होतं, तेव्हा 'नाही' म्हणाला होता. आत्ता तुमचं वाचून बोटीची पिशवी उपडी केली. तळाशी डायक्लोफिनॅकच्या दोन पट्ट्या, एक अर्धी संपलेली. तो दारात उभा राहून बघत होता. उद्या सकाळी दोन्ही घेऊन केंद्रात जातोय, तोच दाखवणार आहे.